आधी फोन, मग मेल

सिंगापूरमध्ये चार मराठी माणसं जेवायला जमली, की वरणभात होईपर्यंत वर्क पास आणि पीआरचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवान्याचा, विषय संपतो, ताकापर्यंत मुलांच्या शाळांचा. मग कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, तुमच्या ऑफिसातलं सांग ना काहीतरी!" दुसऱ्यांना कॉम्प्युटर नीट वापरायला शिकवायचं काम ज्याच्या नशिबी येतं, त्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे आपोआप साठत जातात. टाकवत नाहीत, आणि कुठली कधी लागेल तेही सांगता येत नाही.

आमची कंपनी छोटी. हार्बरफ्रंटला ऑफिस, खिडकीतून समोरच्या बाटम बेटाला जाणाऱ्या फेरीबोटी दिसतात. काम म्हणजे दुसऱ्यांच्या जहाजांवर माणसं पाठवायची, खलाशापासून चीफ इंजिनिअरपर्यंत. मालक कॅप्टन दळवी, पार्ल्याचे. जन्मभर जहाजं चालवली आणि मग जमिनीवर येऊन ही कंपनी काढली, तीही जहाजासारखीच चालवतात. मी कोथरूडची. माझ्या कार्डावर 'आयटी मॅनेजर' लिहिलं होतं, आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून सगळं मीच करायची.

आणि क्रू डेस्कवर स्वी आंटी. त्या इथल्याच, वाक्याच्या शेवटी इथल्या पद्धतीनं 'लाह' लावणाऱ्या, तोआ पायोह भागात एकट्या राहायच्या. निवृत्तीचं वय कधीच उलटलं होतं, पण त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नसे. तेव्हा आमच्या जहाजांवर इंटरनेट नव्हतं. सॅटेलाइटवरून मेल जायचा, तोही बारका. म्हणून मालवण, रत्नागिरी, अलिबागहून घरचे लोक बाळाचे, बारशाचे, नव्या स्कूटरचे फोटो आंटींना पाठवायचे. आंटी ते लहान करून जहाजावर धाडायच्या. कंपनीनं हे काम त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण तेच त्यांचं खरं काम होतं.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या जहाजमालकांचा युरोपातून फतवा आला. ऑफिसची सायबर सिक्युरिटी सुधारा! पासवर्ड बदला, बॅकअप घ्या, दारं कुलपं बघा. शिवाय आम्ही अधूनमधून तुम्हाला खोटे मेल पाठवून परीक्षा घेऊ. जो तीनदा फसेल, त्याचा मेल कायमचा बंद.

आंटींनी तो फतवा दोनदा वाचला आणि मला विचारलं, "वैशाली, माझा मेल बंद झाला तर मी इथं येऊन काय करू? झाडांना पाणी घालू?"

मी हसून विषय बदलला.

* * *

सुरुवात कॅप्टनपासून केली. त्यांचा पासवर्ड होता त्यांच्या पहिल्या जहाजाचं नाव, 'जलपद्मा'. हे जहाज आम्हा सगळ्यांना पाठ होतं, कारण कॅडेट असताना ते त्याच जहाजावर पिठाच्या कोठीत पडले होते आणि ती गोष्ट दर पार्टीत व्हायची.

"कॅप्टन, हा बदला. अख्ख्या सिंगापूरला माहीत आहे."

"बरं बाई," म्हणाले, आणि पाचव्या मिनिटाला केबिनमधून आवाज, "बदलला! आता बापजन्मात कुणाला सापडणार नाही!"

दुपारी निनादचा फोन. निनाद म्हणजे आमचा ऑपरेशन्सवाला, पुण्याचाच, माझ्याहून बराच लहान. "ताई, कॅप्टन बाहेर गेलेत आणि मला त्यांच्या मशीनवरून एक प्रिंट काढायची होती."

"मग? त्यांचा पासवर्ड आता नवीन आहे."

"हो ना. पहिलं जहाज चाललं नाही. म्हणून दुसरं टाकलं."

आता त्यांचा पासवर्ड म्हणजे एक लांबलचक वाक्य आहे. काय ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नसतं. टाइप करताना मात्र ते दर वेळी गालातल्या गालात हसतात.

* * *

इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायच्या सुट्टीत टेबल अडवायची एक पद्धत आहे. टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवायचं आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. ते टेबल तुमचं. टिश्यू नसेल तर लोक ऑफिसचं कार्डच ठेवतात. ज्या कार्डानं आमचं दार उघडतं, सर्व्हरची खोली उघडते, ते कार्ड चिकन राइसवाल्यासमोर एकटं पडलेलं!

मी निनादला दहा वेळा सांगून पाहिलं. "ताई, हे सिंगापूर आहे. इथं कोण उचलणार?"

म्हटलं, थांब, तुला धडाच शिकवते. एकदा तो कार्ड ठेवून रांगेत गेला, आणि मी मागून हळूच जाऊन ते उचललं. दोन पावलं टाकली नाहीत तोच शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा चॉपस्टिक घेऊन उभे राहिले.

"ए! ते तुझं नाही! ठेव खाली!"

मी सांगतेय, अंकल, मी त्याच ऑफिसची आहे, मी सिक्युरिटी बघते. ते कसले ऐकतात! "सगळे चोर असंच म्हणतात!" आजूबाजूची मंडळीही जेवण सोडून माझ्याकडे बघायला लागली. इतक्यात निनाद ट्रे घेऊन आला. माझा जीव भांड्यात पडला.

आजोबांनी विचारलं, "ही तुझ्या ऑफिसात आहे?"

निनादनं मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "नाही बुवा. कोण आहेत या?"

* * *

पहिल्या परीक्षेचा मेल आला तो डुरियनचा, इथल्या त्या उग्र वासाच्या लाडक्या फळाचा. 'तुमच्या कंपनीला मोफत डुरियन कूपन! इथं क्लिक करा.' तो सकाळीच येणार हे कॅप्टनना माहीत होतं. मंजुरीवर सही त्यांचीच होती.

दहाच्या सुमाराला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अगं वैशाली, ते डुरियनचं कूपन प्रिंट कुठून करायचं गं?"

मी टेबलावरच्या मंजुरीच्या कागदाकडे बोट दाखवलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "हात्तिच्या!" म्हणाले, आणि दिवसभर केबिनचं दार बंद.

आंटीही फसल्या. दुसऱ्या परीक्षेतही फसल्या. मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "आंटी, हा मेल कुणाचा ते माहीत नव्हतं, विषय धड नव्हता. का उघडलात?"

त्यांनी डेस्कच्या पार्टिशनकडे बोट दाखवलं. तिथं टाचणीनं टोचलेली बाळंच बाळं होती. झबल्यातली, काजळाची तीट लावलेली, एक तर चक्क रडणारं.

"या बायकांना मेल लिहिता येत नाही, लाह. शेजाऱ्याच्या मुलाकडून पाठवतात. नाव वेगळं, विषय रिकामा. मी नाही उघडला आणि त्यात बाळ असलं तर?"

आंटींकडे आता एकच चूक शिल्लक होती.

* * *

मग पेनड्राइव्हची कथा. जहाजावरून उतरलेला प्रत्येक माणूस ऑफिसात यायचा आणि सर्टिफिकेट प्रिंट करायला खिशातून पेनड्राइव्ह काढायचा. त्यात जगातल्या प्रत्येक बंदराचा व्हायरस! मी सगळ्या मशीनवर पेनड्राइव्ह बंद केले आणि कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर ठेवला, नेटवर्कला न जोडलेला. आधी इथं साफ करायचं, मग पुढं. खलाशांनी त्याचं नाव ठेवलं 'क्वारंटाइन'.

तांडेल हा आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, गुहागरचा माणूस, दोन्ही हातांवर गोंदलेलं, आवाज असा की वाऱ्यातही ऐकू जावा. त्याचा पेनड्राइव्ह मी लावला. मशीननं बीप बीप करत निम्म्या फाइली उडवल्या. मी खुशीत म्हटलं, "घ्या, चकाचक!"

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस एकदम बारीक आवाजात म्हणाला, "मॅडम, पोरगी पयल्यांदा चालली त्याचा व्हिडिओ होता यात."

आंटींना मराठी कळलं नाही, पण 'व्हिडिओ' हा शब्द आणि त्याचा चेहरा कळला. त्यांनी आपल्या मेलमध्ये शोधायला सुरुवात केली. तोच व्हिडिओ त्याच्या बायकोनं आंटींनाही पाठवला होता. जहाजावर जाण्याइतका छोटा होईना, म्हणून तो उतरेपर्यंत त्यांनी जपून ठेवला होता.

मग तांडेल आंटींच्या कॉम्प्युटरसमोर बसून तो व्हिडिओ बघत होता आणि आम्ही सगळे त्याच्या मागं उभे राहून बघत होतो. पोरगी चार पावलं चालली आणि धपकन बसली. अख्ख्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी बॅकअपवर मला लेक्चर द्यावं लागलं नाही. क्वारंटाइनवर मी चिठ्ठी चिकटवली: 'आधी कॉपी, मग सफाई.'

* * *

याच सुमाराला मी ऑफिससाठी नियम काढला: आधी फोन, मग मेल. मेलबद्दल जराही शंका आली तर आधी पाठवणाऱ्याला फोन करायचा. आणि नंबर मेलमधला घ्यायचा नाही, आपल्याकडचा जुना घ्यायचा. खरं सांगते, नियम ऑफिससाठी होता, पण काढला आंटींसाठी.

आंटींनी तो असा काही मनावर घेतला की विचारू नका! पहिलाच फोन मला. मी समोरच्याच टेबलावर.

"वैशाली, तू मला मेल पाठवलास?"

"हो आंटी, सुट्ट्यांचा."

"तू खरी वैशाली आहेस का?"

मी उभी राहिले आणि हात हलवला. त्यांनीही हात हलवला. मग फोनमध्ये म्हणाल्या, "ओके. पण फोन ठेवू नकोस. सुट्टी किती तारखेपासून, तेही सांग."

पुढं त्या कोकणात फोन करायला लागल्या. पलीकडे सासवा, आज्या. त्यांना इंग्रजी येत नाही, यांना मराठी. पण आंटींनी निनादकडून मूठभर शब्द शिकून घेतले. फोन स्पीकरवर टाकायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आई, जेवला का?" मग पलीकडून पाच मिनिटं भडाभडा काय काय यायचं. आंटी मान डोलवत "हां, हां" करायच्या आणि शेवटी विचारायच्या, "मेल? तुमचा?" पलीकडून "होय होय!" आलं की मगच मेल उघडायचा.

कॅप्टन एकदा केबिनच्या दारात उभे राहून हे ऐकत होते. म्हणाले, "वैशाली, ही सिक्युरिटी आहे की हळदीकुंकू?"

* * *

पण हेच हळदीकुंकू त्यांच्यावर उलटलं. कॅप्टन दुबईच्या विमानतळावर होते. विमान सुटायला आलेलं, आणि त्यांना काही खलाशांच्या पासपोर्टचे स्कॅन ताबडतोब हवे होते. त्यांनी आंटींना मेल टाकला. आंटींनी फोन लावला, तो लागला नाही. त्यांनी मेल सरळ मला रिपोर्ट केला: 'खोटा.'

दहा मिनिटांनी कॅप्टनचा फोन आला, तो मी कानापासून लांब धरला. "माझाच मेल माझ्याच ऑफिसात खोटा? आंटींना दे!"

आंटी शांतपणे म्हणाल्या, "कॅप्टन, मेलमध्ये 'प्लीज' लिहिलं होतं."

"मग?"

"दोनदा लिहिलं होतं. शेवटी 'थँक यू' पण. तुम्ही कधी लिहीत नाही, लाह."

पलीकडून विमानतळावरची एक घोषणा ऐकू आली. मग कॅप्टन म्हणाले, "अहो, बायको म्हणते जरा गोड बोलत जा. मी बदलायचा प्रयत्न करतोय."

* * *

निनादचा एक राहिलाच. कॉम्प्युटर लॉक न करता उठलं, तर दुसऱ्या कुणीही त्याच्या नावानं सगळ्यांना मेल टाकायचा: 'उद्या माझ्याकडून सर्वांना काया टोस्ट आणि कोपी.' नारळाच्या जॅमचा टोस्ट आणि इथली कॉफी, ही शिक्षा आम्हीच सुरू केली होती. निनाद कधी सापडला नाही. पाणी प्यायला गेला तरी लॉक करून जायचा.

एका शुक्रवारी त्याची स्क्रीन सताड उघडी! सगळे धावलो, मेल ठोकला. सोमवारी पठ्ठ्यानं टोस्टबरोबर लिटल इंडियातून पेढ्यांचे खोके आणले. कान लाल झालेले.

"लग्न ठरलंय माझं," म्हणाला. "कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. म्हणून शुक्रवारी मुद्दाम उघडी ठेवली."

* * *

आता शेवटचा.

जहाजमालकांचा माणूस प्रत्यक्ष तपासणीला आला. हेन्रिक नाव, तिशीतला, ताडमाड उंच, आणि इतका नम्र की लिफ्टलाही थँक यू म्हणेल. पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्या डेस्कवर बसला. आंटींनी त्याला अननसाचे टार्ट खायला घातले आणि भिंतीवरची बाळं एकेक करून दाखवली. मग एका रिकाम्या टाचणीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं परबांचं बाळ येणार. परब आमचा सेकंड इंजिनिअर. त्याची बायको मृणाल, कुडाळला असते. याच आठवड्यात होणार आहे. तो समुद्राच्या मध्यावर. रोज मेल करून विचारतो, आंटी, काही कळलं?"

हेन्रिकनं सगळं मन लावून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅप्टनना आणि मला केबिनमध्ये बसवलं आणि लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. तिसऱ्या परीक्षेचा मेल तयार होता. पाठवणारी मृणाल परब. 'आंटी, बाळ झालं! फोटो जोडला आहे. लगेच जहाजावर पाठवा.'

कॅप्टनचा चेहरा लालबुंद झाला. "हा अन्याय आहे. त्या बाईनं तुला विश्वासानं सांगितलं!"

"खरा चोरही असंच कुणाच्या तरी तोंडून ऐकेल, कॅप्टन," हेन्रिक म्हणाला. त्याचाही आवाज पडलेला होता. "मलाही आवडत नाहीये. पण त्यांच्या मेलमधून आमच्या सगळ्या जहाजांवर जाता येतं. आणि प्लीज, कुणी त्यांना खूण करू नका."

त्यानं मेल पाठवला.

केबिनच्या काचेतून आंटींचं टेबल सरळ दिसायचं. त्यांनी मेल वाचला आणि हात तोंडावर गेला. त्या उठल्या, पुन्हा बसल्या. चष्मा काढून पुसला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, आणि तो खोट्या मेलनं आणला होता. मला हेन्रिकचा, त्या नियमांचा, माझ्या नोकरीचा, सगळ्याचाच राग आला.

त्यांचा हात माउसवर गेला. कॅप्टननं पाठ फिरवली आणि खिडकीतून फेरीबोटी बघत उभे राहिले. मला मात्र नजर हलवता येईना. बाण फोटोवर जाऊन थांबला, तसाच थांबून राहिला.

मग आंटींनी माउसवरचा हात उचलला आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला. मृणालच्या सासूबाईंचा मोबाइल नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी स्पीकर लावला. आम्ही तिघंही दारात येऊन उभे राहिलो. निनादही कान देऊन ऐकत होता.

"हॅलो? कोण बोलता?" मृणालच्या सासूबाईंचा आवाज. मागं कसला तरी गलका चाललेला.

"सिंगापूर आंटी! आई, जेवला का?"

"अगो बाय माझे!" पलीकडून जवळजवळ किंकाळीच आली. "तुमका कोणी सांगल्यान? आत्ताच तर झाला! अजून आमी घरात पण कोणाक सांगूक नाय!"

आंटी गोंधळल्या. "फोटो? मेल? तुमचा?"

"खंयचो फोटो नि खंयचो मेल! अजून आंघोळ पण घालूक नाय तिका! मुलगी झाली, मुलगी! आमच्या झिलाक कळवा हां आंटी, पयलो त्याका कळवा!"

आणि त्याच वेळी मागून, सगळ्या गलक्यावर चढून, बाळ रडलं.

निनादनं आंटींना भराभर इंग्रजीत सांगितलं, मुलगी झाली, आणि मेल त्यांनी पाठवलाच नाही. आंटींनी डोळे पुसले, खुर्ची वळवली आणि माझ्याकडे, कॅप्टनकडे, मान खाली घालून उभ्या असलेल्या हेन्रिककडे पाहिलं.

"वैशाली, हा मेल खोटा आहे. रिपोर्ट कर," त्या म्हणाल्या. "पण बाळ खरं, लाह!"